दुसरी सही

८ फेब्रुवारी, रिसाली

दोनशे अठ्ठ्याण्णव. आणखी दोन पक्षी आणि तीनशे. समुद्राकाठी मिळणारच — मला शंका नाही!

बॅग भरली. दुर्बीण, जाड चष्मा, जास्तीचा जाड चष्मा, रजिस्टर. रजिस्टर शालिकरामांचं. स्टील प्लांटमध्ये चौतीस वर्षं शिफ्ट बदलताना लॉगबुकवर दोन सह्या: सुटणाऱ्याची एक, येणाऱ्याची एक. दुसरी सही नाही तर नोंद नाही. लग्नानंतर त्यांनी पक्ष्यांनाही तोच नियम लावला. एकट्याने पाहिलेला पक्षी आमच्या घरात पक्षी नसतो.

शेजारच्या सिंधुताई म्हणाल्या, "नवऱ्याच्या सहीबिगर तुमचा कावळा बी उडत नाही वाटते!"

उडत नाही. म्हणून तर माझा यादीवर विश्वास आहे.

९ फेब्रुवारी, गाडीत

शालिकराम स्वतःची दुर्बीण घरी विसरले. आणलं काय, तर पाण्यात तोंड घालून मासे बघायचा मास्क! मला न सांगता, नेहरू नगरच्या बाजारातून घेतलेला.

११ फेब्रुवारी, तारकर्ली

रिसॉर्ट बरं आहे. खोलीसमोर सुरूची झाडं, मग वाळू, मग समुद्र. सकाळी दूर खडकावर काळपट समुद्री बगळा. दोनशे नव्याण्णव!

"दिसला?"

"दिसला ना."

सही झाली. चहा गार व्हायच्या आत.

मग दिवसभर ते पाण्यात. बाहेर आले ते लहान मुलासारखे — निळा पाहिला, पट्ट्यांचा पाहिला, एक तर बोटाला चावायला आला. घराजवळच्या मारोद्याच्या तलावावर हा माणूस दोन वर्षांत एवढं बोलला नव्हता.

१२ फेब्रुवारी

होडीतून किल्ल्यापलीकडे. शालिकराम पाण्यात, मी फळीवर.

"तू कावून उतरून नाही राहिली?"

"मी पक्षी पाहायला आले."

"मास्तरीणबाई, मासे काय तुह्ये दुश्मन हायत?"

होडीवाला निखिल हसला. "उतरा काकी. काय होवचा नाय."

नाही उतरले. बरं झालं! पाच मिनिटांत समुद्री गरुड. पांढरं पोट, राखाडी पंख, पायात मासा. थेट डोक्यावरून गेला. तीनशे! मी ओरडले. शालिकराम तेव्हा पालथे, तोंड पाण्यात, फक्त नळी वर.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं. मी नोंद केली, माझी सही केली, आणि थांबले. त्यांनी पेन घेतलं आणि दुसरी सही केली. सरळ!

"कुठे पाहिलात?"

"वरून गेला ना."

पालथ्या माणसाच्या वरून काय काय जातं. आता ही तीनशेवी नोंद खोटी. खोडावी लागणार.

१३ फेब्रुवारी

सकाळी व्हरांड्यात. ते माझ्या शेजारी, हातात चहा. समोर वाळूत जाळी बांधायचा खांब. रिकामा.

मी म्हटलं, "खांबावर खंड्या. दिसला?"

"दिसला ना," ते म्हणाले. "काय निळा आहे!"

मी दुर्बीण खाली ठेवली. मग त्यांनाच कळलं.

"नव्हता काय?"

"नव्हता."

"डोळ्याचा पडदा खराब झाला. शुगरनं. दूरचं सारं पुसल्यावानी दिसते. डॉक्टर म्हणते, आहे तेवढं टिकवा."

"कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले. चक्रवाक आले होते मारोद्याले, तवापासून."

"सांगितलं कावून नाही?"

"तू दुर्बीण ठेवून देली असती."

दिली असती. हे त्यांनी बरोबर ओळखलं.

"काट सारं," ते म्हणाले. "नियम माहाच हाय."

दुपारी पानं मोजली. दोन हिवाळ्यांत एकतीस पक्षी. प्रत्येकापुढे ठसठशीत दुसरी सही. मी बोट दाखवलं होतं आणि त्यांनी माझ्या बोटावर सही केली होती. पेन हातात घेतलं. झाकण लावून ठेवलं.

रात्री जेवताना एकच बोलले — "पाण्यात मासा इतका जवळ येते. हाताएवढा. तिथं मले दिसते."

१४ फेब्रुवारी

उतरले! सलवार-कमीज, वर लाइफ जॅकेट, चष्मा निखिलच्या खिशात. आधी खारं पाणी नाकात, मग घशात. शालिकरामांनी हात सोडला नाही. पाण्याखाली त्यांनी बोट दाखवलं, मी मान हलवली. पुन्हा दाखवलं, पुन्हा हलवली. वर आल्यावर मास्कही न काढता म्हणाले, "पिवळा! काळे पट्टे! दिसला?"

"दिसला ना," मी म्हटलं.

१८ फेब्रुवारी, रिसाली

आल्या आल्या शालिकराम सिंधुताईंकडे जाऊन सांगून आले — आमची मास्तरीण पाण्यात उतरली! मग रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. नवीन पान, वर 'मासे', खाली पिवळ्याची नोंद. पहिली सही त्यांची.

चष्म्याशिवाय मला माझा हात दिसत नाही. मासा कुठला दिसणार.

सही केली.