अस्सल बरहुकूम स्पॅनिश

सोमवार, ५ जानेवारी

आजपासून स्पॅनिश. मुलगी ज्याच्याशी लग्न करतेय त्याच्या घरात दुसरी कुठली भाषाच चालत नाही. मागच्या व्हिडिओ कॉलवर मी तासभर नुसती मान हलवत बसलो. नंतर व्याह्यांनी तिला विचारलं म्हणे, तुझ्या वडिलांना हे लग्न पसंत नाही का? पोरगी रडवेली झाली. म्हणाली, बाबा, तुम्ही मराठीत बोला, मी सांगेन त्यांना. छे! ही माझी मुलगी, हिला जपा, असं बापाने म्हणायचं आणि भाषांतर खुद्द मुलीने करायचं? शोभतं का? पुढचा कॉल १५ फेब्रुवारीला. तोवर भाषा येते. न यायला काय झालं?

क्लास लाँड्रीच्या वरच्या खोलीत. ओल्या कपड्यांचा कुबट वास. बाकाखाली हात गेला तर कुणाचं तरी चघळलेलं च्युइंगगम. शी! जेवण गेलं नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला एक दाताचा डॉक्टर. सारखा शिंकतो, रुमाल नाही. धंदा लोकांच्या तोंडात डोकावण्याचा, आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवता येत नाही.

पाठ पहिला, ओळख. तो प्रवासी, मी नर्स. वय बावीस, अविवाहित. काय हा वाह्यातपणा! शिक्षिका (माझ्या पोरीपेक्षा लहान) म्हणाली, काका, तिथे तुमचं वय आणि तुमची नोकरी घालायची. मी स्पष्ट सांगितलं, कचेरीच्या नक्कल विभागात हयात गेलीय माझी. ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शिक्का मारून सही करायचो. छापील मजकुराचा काना-मात्रा बदलणार नाही. पुढच्या बाकाकडे वळली. पटलं असावं.

सोमवार, १२ जानेवारी

पाठ दुसरा, उच्चार. त्यांच्यात एक ‘ख’ आहे, घशाच्या तळातून खरवडून काढायचा. सकाळी बेसिनपाशी माणसं जे आवाज काढतात ते इथे फी घेऊन शिकवतात! सगळा वर्ग खाकरत होता. डॉक्टर तर थेट माझ्या वहीवर. मी तोंड मिटून बसलो. शिक्षिका म्हणाली, काका, प्रयत्न तरी करा. म्हटलं, आमच्यात चारचौघांत असलं करत नाहीत.

वही टाकून दिली. नवी आणली.

गुरुवार, १५ जानेवारी

पाठ तिसरा, कुटुंब. आई, बाप, मुलगा, मुलगी. गेलो नाही. घरच्या गोष्टी त्या शिंकऱ्यासमोर चव्हाट्यावर कशाला मांडायच्या? शिवाय पाया पक्का नको? पहिला पाठच घोकतोय.

मंगळवार, २७ जानेवारी

क्लास बंद आहे. म्हणजे मी बंद केलाय. तिथला वास कपड्यांना लागतो. घरी अभ्यास उत्तम चाललाय. सकाळ-संध्याकाळ पाठ पहिला, मोठ्याने. बायको म्हणते, अहो, तुम्हाला माणसांशी बोलायचंय की परीक्षेला बसायचंय? कौतुक राहिलं बाजूला!

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज एका दमात, कुठेही न अडखळता. अर्थाकडे लक्ष गेलं की जीभ अडते, म्हणून अर्थ सोडून दिलाय. तेव्हापासून प्रगती झपाट्याने आहे.

मुलीचा फोन. विचारत होती, बाबा, जमेल ना? ही माझी मुलगी, एवढंच म्हणा, बाकी काही नको. म्हटलं, तू बघच. मुलीला काय म्हणतात ते तिसऱ्या पाठात असेल. उद्या बघतो.

शनिवार, १४ फेब्रुवारी

तिसरा पाठ उघडणार होतो. पण ऐन वेळी नवं घुसवलं की जुनं विस्कटतं, हा शाळेपासूनचा अनुभव. शर्टाला इस्त्री केली.

रविवार, १५ फेब्रुवारी, दुपारी

झालं ते लिहितो. व्याही समोर, पांढऱ्या मिशा, चांगला माणूस दिसला. हसून काहीतरी विचारलं. मी सुरू झालो. पहिला पाठ, अथपासून इतिपर्यंत, एकही चूक नाही. तिकडे होणारा जावई पोट धरून खुर्चीखाली. व्याह्यांनी मात्र हसू दाबून एक प्रश्न विचारला. मुलगी ओठ चावत राहिली, सांगेचना. शेवटी सांगितलं. म्हणतायत, तुम्ही बावीस वर्षांच्या अविवाहित नर्स, भेटून आनंद झाला. पण मग मुलीचे वडील कुठे आहेत?

मला मराठीसुद्धा सुचेना. बायकोने फोन ओढून घेतला आणि सरळ मराठीत म्हणाली, आमच्या पोरीला जपा हो. विहीणबाई डोळे टिपायला लागल्या. कळलं म्हणे! ना क्लास, ना पुस्तक.

फोन ठेवताना मुलगी म्हणाली, जाऊ द्या बाबा, सगळे हसले तरी. ती हसत नव्हती. फार लाज वाटली.

सोमवार, १६ फेब्रुवारी, सकाळी

पाठ तिसरा उघडला. मुलगी म्हणजे ‘इखा’. एवढुसा शब्द, आणि त्यात नेमका तोच घाणेरडा ख.

बेसिनपाशी दार लावून काढून बघितला. नाही निघाला. परत काढला. परत.

बाहेरून बायकोने विचारलं, अहो, खोकला झालाय का?

हो म्हणालो.