पडद्यामागचा ढोल

शनिवार, कॅसल हिल

डोकं अजून तापलेलंच आहे. ऋताच्या शाळेत आज कँटोनीज ऑपेराचे, म्हणजे चिनी संगीत नाटकाचे, प्रवेश झाले आणि आमची पोरगी त्यात राजकन्या. या नाटकात गाणारा हाताने खूण करतो आणि ती बघून ढोलवाला ठेका धरतो. खूण दिसली नाही तर ढोल नाही, ढोल नाही तर गाणं नाही. एवढं साधं आहे. पण आवाज फार होतो म्हणून ड्रामा शिकवणाऱ्या हेलनने वाजवणाऱ्या मुलांना काळ्या पडद्यामागे बसवलं. मी लग्नांत स्पीकर लावत धंदा उभा केलेला माणूस. तालमीतच तिला विचारलं, "ऋताचा हात त्यांना दिसणार कसा?"

"नो वरीज मेट, त्यांना पाठ आहे."

पाठ कसलं! ऋताने हात वर केला. शांतता. पुन्हा केला. मला तर पडद्यामागची कुजबुजही ऐकू येत होती, "आता? आता का?" शेवटी ती राजकन्येच्याच चालीत मागे गेली, लांब बाहीने पडदा सर्रकन बाजूला सारला आणि ढोलवाल्या जेडच्या डोळ्यांसमोर हात धरला. ढोल कडाडला. पोरगी गायली, आणि काय गायली.

गाडीत म्हटलं, "उद्याच्या शोला तरी पडदा काढतील."

"नाही बाबा, ठेवणार आहेत. हेलन म्हणाली, मी तो उघडते तोच बेस्ट पार्ट होता. केवढ्या टाळ्या पडल्या."

त्यातली पहिली टाळी माझीच होती.