आईच्या स्टुलावरची गादी

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही. आज जयनगरच्या घरातलं स्वयंपाकघर रिकामं करताना आईचं ते स्टूल हाती लागलं. बैठक अजून करपलेलीच आहे.

नव्वदनंतरची ती वर्षं. विमानात पहिल्या रांगेसमोरच्या भिंतीला, धक्का बसला तर डोकं फुटू नये म्हणून, फोमची गादी लावतात. ती तपासणं तुमचं काम. नव्या मालातली एक पट्टी तुम्ही घरी आणून गॅसवर धरलीत. गॅस बंद केला तरी ती जळतच राहिली. "बघितलंस? जाळ काढला की विझायला हवी," तुम्ही मला म्हणालात. तो माल काही विमानांत आधीच लागला होता. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी," जरा सांभाळून घ्या, अशी साहेबांनी कानडीत गळ घातली. पुढच्या खेपेला बदलू म्हणे. तुम्ही ऐकलं नाही. एकूण एक गादी उचकटायला लावलीत, प्रत्येकीवर लाल फुली मारलीत आणि त्यापायी हातची बढती घालवलीत. कॉलनीभर मी किती मिरवले होते!

आणि मग त्यातलीच एक गादी तुम्ही घरी घेऊन येता. आईचे गुडघे दुखतात, ती स्टुलावर बसून पोळ्या लाटते, तिला मऊ हवं म्हणून. चांगली दिसणारी वस्तू टाकायची तुमच्या जिवावर येते. तीही कुठे, तर शेगडीपासून हातभर अंतरावर! एका दुपारी तव्याचं पेटलेलं फडकं त्या गादीवर पडलं. आई गुडघे धरून उठेपर्यंत साडी पेटली होती. मी बादली ओतली. तिच्या मांडीवरची कातडी शेवटपर्यंत आक्रसलेलीच राहिली. "तुम्हाला माहीत होतं!" मी ओरडले. तुम्ही खाली बघत म्हणालात, "विमानातून माणसाला बाहेर पळता येत नाही गं. घराला दार असतं." गुडघे धरून उठणाऱ्या बाईला कसलं दार, अण्णा?

त्यानंतर मी तुमच्याशी धड बोललेच नाही, तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाही नाही. आई मात्र विचारणाऱ्याला सांगायची, "माझंच लक्ष नव्हतं."

हे कागद मी कुठे पाठवणार? इथेच फाडून टाकीन. त्याआधी एक लिहिते, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. त्या गादीचं कव्हर मी शिवलं होतं. लाल फुली मला दिसली होती. फिकट कापडातून ती उमटेल, वाईट दिसेल, म्हणून ती बाजू खाली घालून मीच टाके मारले.