आधी पंगत, मग फुटबॉल

मुक्काम कोल्हापूर,
सोमवार, दुपारची भांडी घासून झाल्यावर

चिरंजीव हंबीरराव यांस,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. तिकडचंही ठीक असेल असं मी धरून चालते, कारण तुझ्या पत्रात बैलांची तब्येत सविस्तर असते आणि माणसांची शेवटच्या ओळीत कोंबलेली असते. तांबड्याचा खूर बरा झाला हे वाचून समाधान वाटलं. बयाबाईच्या गुडघ्याचं काय झालं ते पुढच्या वेळी बैलाच्या आधी लिही. (तिला सांग, एरंडेल तेल कोमट करून चोळायचं. थंड तेल चोळून तू नवरेपणा दाखवू नकोस.)

आता तुझ्या पत्राचं उत्तर. तू लिहितोस, आक्का, खानावळ बंद कर आणि नेसरीला राहायला ये, बयाबाईने मागची खोली झाडून ठेवली आहे. तुझी माया मला कळते, पण मी येणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल. ह्यांच्या माघारी मी ही चूल मांडली तेव्हा तू हेच म्हणाला होतास आणि मी हेच उत्तर दिलं होतं. भावाच्या घरात बहिणीला कोणी उपाशी ठेवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिथे जेवायला वाढलं जातं, आणि मला वाढायची सवय लागली आहे.

आमचा फुटबॉलचा संघ खालच्या वर्गात घसरणार आणि माझी खानावळ बसणार, असं तू नेसरीच्या बाजारात ऐकलंस. ते निम्मं खरं आहे. तुला फुटबॉलमधलं काही कळत नाही म्हणून थोडक्यात सांगते. संस्थानातल्या संघांचे दोन वर्ग आहेत, वरचा आणि खालचा. वर्षभर सगळे एकमेकांच्या गावी जाऊन खेळतात आणि वरच्या वर्गात जो तळाला राहील तो खाली जातो. आमच्या बुरुजाच्या तालमीचा संघ वरच्या वर्गात आहे. महाराज सरकारांच्या राज्यात पैलवानाला जसा खुराक मिळतो तसा आमच्या खेळाडूंनाही एका सरदारांकडून मिळतो, आणि तो शिधा माझ्या चुलीवर शिजतो. पण सरदारांचा नेम असा, की खुराक वरच्या वर्गाला. खालच्या वर्गाने घरून डबा आणावा. म्हणजे संघ खाली गेला की माझी चूल विझली. (आमची पोरं मुळातली पैलवान. पहिल्या सामन्यात त्यांनी समोरच्यांना उचलून चितपट केलं आणि आता बक्षीस कुठे मिळतं म्हणून विचारत पंचाकडे गेली. तेव्हापासून पुष्कळ सुधारली आहेत.)

आता या खेळाची आपल्याकडे एक रीत पडली आहे. पाहुणा संघ लांबून बैलगाडीने येतो, म्हणून ऊन उतरेपर्यंत यजमानाने त्याला जेवायला घालायचं, मग खेळायचं. रीत चांगली आहे. पण मटणाचा रस्सा, भाकरी, वर भात आणि त्यावर तूप असं जेवून माणूस मैदानात उतरला की तो धावत नाही, हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मग काय! आमच्या मैदानावर जो आला तो हरून गेला. मी प्रत्येक पाहुण्याच्या मागे उभी राहून आग्रह केला आणि आमच्या पोरांना हात राखून वाढलं. नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. सामना संपल्यावर तालमीत आण्णा वस्तादांचा जयजयकार व्हायचा आणि मी मुकाट्याने परात घासत बसायची, कारण गोल खरं तर मीच केलेले असायचे. (आण्णा वस्ताद म्हणजे आमच्या संघाचे कप्तान. अंगाने दांडगे, मनाने भाबडे, आणि ताटावरून उठायला नाराज.)

पण जे मला सुचलं ते दुसऱ्या गावांतल्या चुलींना सुचणार नाही असं थोडंच आहे? आमची पोरं परगावी गेली की तिथेही असंच. आणि पाहुणा म्हणून बसल्यावर वाढलेलं परत करणं म्हणजे यजमानाचा अपमान. त्यामुळे घरी जिंकायचं आणि बाहेर हरायचं असं आमचं वर्ष चाललं. मी ठरवलं, हे थांबवायचंच. म्हणून एकदा निघण्याआधी पोरांना इथेच इतकं जेवायला घातलं की तिकडे घास उतरू नये. तिकडे गेल्यावर घास उतरला. पोरं दोन्हीकडे जेवली आणि आण्णा वस्ताद खेळ चालू असताना मैदानाच्या मधोमध बसले ते कुणाच्याने उठवेनात. मग मी एकादशीचा दिवस बघून सामना धरायला लावला. म्हटलं, उपास आहे म्हणून सांगा. यजमान भले. त्यांनी उपासाची पंगत मांडली. वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याच्या तुपातल्या फोडी आणि बासुंदी. मटण परवडलं असतं. (आमचा गोलकीपर लालासाब याला एकादशी नव्हती. त्याने त्याच्यासाठी वेगळं केलेलं मटण खाल्लं आणि बासुंदीही खाल्ली.)

वाट सापडली ती कळंब्याला. तोवर रमजान लागला होता आणि लालासाब रोजा धरत होता. कळंबेकरांनी बाकीच्यांना यथास्थित जेवायला घातलं, पण लालासाबपाशी कुणी ताटही आणलं नाही. रोजेकऱ्याला आग्रह करणारा माणूस या मुलखात जन्मला नाही. लालासाब असा हलका होता की चेंडू कुठूनही येवो, हा आधी तिथे. परगावी पहिल्यांदाच आम्ही न हरता परत आलो. मी परतीच्या गाडीतच ठरवलं, की शेवटच्या सामन्याला आख्ख्या संघाने रोजा धरायचा.

लालासाबची आई चाँदबी माझ्या शेजारीच राहते. तिला सांगायला गेले तर ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "आक्का, रोजा ह्यो वाढणाऱ्याला फसवायचा डाव न्हाय. धरायचा आसंल तर अल्लाच्या नावानं, मनापासनं धरायचा. न्हायतर गुमान जेवा की." मी खाली मान घालून ऐकून घेतलं. तिने मग पोरांना समोर बसवून तेच सांगितलं. पोरं म्हणाली, मनापासून धरतो. आणि खरंच धरला, हंबीरराव. पहाटे तिने उठवून जेवायला घातलं, आणि नंतर इचलकरंजीच्या वाटेवर उन्हाने जीभ टाळूला चिकटली तरी एकाने पाण्याला हात लावला नाही. आण्णा वस्ताद तर वाटेतल्या विहिरीकडे पाठ करून बसले होते. मी सोबत गेले होते राखणीला, पण राखण्यासारखं काही उरलं नाही.

शेवटचा सामना इचलकरंजीशी. तळाला आम्ही दोघेच, म्हणजे हरेल तो खाली. त्यांची पोरं हातमागावर बसणारी, पायाने चपळ. आणि त्यांची खानावळ विठाबाईची. तिच्या रश्श्याचं कौतुक मी वर्षभर ऐकत आले होते आणि ते ऐकून घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. गाड्या थांबल्या तेव्हा तिची पातेली उकळत होती, पानं मांडलेली होती. आण्णांनी हात जोडून सांगितलं, आज आमचा सगळ्यांचा रोजा आहे. विठाबाईने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. तोंडं खरी सुकलेली होती. मग ती आपल्या पोरांना म्हणाली, "उठा रं पानावरनं. पावणं उपाशी आन् आपण वरपायचं व्हय?" आणि पातेल्यांवर झाकणं टाकली. तिची पोरं पानावरून अशी उठली की मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांना तर पहाटेचंही काही मिळालेलं नव्हतं.

ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी पडवीत बसलो. ती बोलायला रोखठोक. म्हणाली, "आक्का, संघ खाली गेला की माझी चूल इझली बगा. मग लेकीच्या दारात जाऊन बसायचं. जावई चांगला हाय, पर दार त्येचं हाय न्हवं?" मला तुझं पत्र आठवलं. इतके दिवस मला वाटत होतं की या सगळ्या संस्थानात बुडणारी मी एकटीच आहे.

सामना झाला तो उपाशी माणसांचा झाला. चेंडूला कुणी पाय लावला की तो थोडा जायचा, आणि त्याच्यामागे दोन्हीकडचे चालत जायचे. गोल कुणाचाच होईना. सूर्य टेकला तेव्हा त्यांचा कृष्णात नावाचा कोष्ट्याचा पोरगा कसाबसा चेंडू घेऊन आमच्या गोलापाशी पोचला. आमचे सगळे मागे राहिलेले, समोर एकटा लालासाब. आणि तेवढ्यात मशिदीतून बांग झाली. लालासाब जागच्या जागी थांबला, त्याने हात वर केले आणि डोळे मिटले. गोल उघडा! आता पाय लागला की माझी चूल गेली. कृष्णातने चेंडूवर पाय ठेवला आणि तसाच उभा राहिला. म्हणाला, "रोजा सोडा आदी. गोल काय पळून जातुय?"

पंच ओरडत होता, पण विठाबाई घागर घेऊन मैदानात आली होती. आमच्या पोरांनी पाणी प्यायलं, खजूर खाल्ला, मग झाकणं निघाली आणि दोन्ही संघ एकाच पंगतीला बसले. त्यानंतर कुणी उठून खेळेल ही आशा पंचानेही सोडली. (त्यालाही वाढलं होतं.) त्याच्याजवळ विलायतेहून आलेलं नियमांचं पुस्तक होतं, पण बांग झाल्यावर चेंडू कुणाचा हे त्यात सापडेना. शेवटी त्याने निकाल दिला, की सामना येत्या रविवारी पुन्हा खेळावा, आणि तो कोल्हापुरात.

तू म्हणशील, झालं तर मग! आमची तालीमही तेच म्हणाली. पाहुणे आमच्याकडे येणार, म्हणजे चूल माझी. आण्णा वस्ताद हसत हसत आले आणि म्हणाले, "आक्का, आसं जेवाण घाला, की पावण्यास्नी उठाया दोर लागंल." मी म्हटलं, घालीन, पण सामना झाल्यावर. आधी दोन्ही संघांना एकेक वाटी आंबील (लालासाबचा रोजा, तो सोडून). त्यावर तालमीत जो गोंगाट झाला तो तुला नेसरीत ऐकू आला असेल. रीत मोडते म्हणाले, सरदार रागावतील म्हणाले, आक्का, तुमची चूल जाईल म्हणाले. मला काय ते ठाऊक नाही? माझ्या बाजूने एकटी चाँदबी उभी राहिली. पण ज्या पोराने उघड्या गोलापुढे पाय आवरला, त्याच्या पानात मी मुद्दाम जास्तीचा भात वाढणार नाही. ती वाढणी मला जमणार नाही. कितीही बोला, माझा निश्चय झाला आहे. वर्षभरात पहिल्यांदाच कोण जिंकणार हे मला ठाऊक नाही, आणि त्यात मजा असते असं पोरं म्हणतात. मला अजून ती आलेली नाही.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. बयाबाईला सांग, खोली झाडलीस ते विसरणार नाही, पण त्या खोलीत शेळ्या बांधायला हरकत नाही. मुलांना पापे, तांबड्याला ओल्या वैरणीची पेंढी.

तुझी,
तानाबाई आक्का

ता. क. वर एवढं लिहिलं तरी रविवारी सकाळी गाडी घेऊन येच. रिकामी आण. सामना बघायचं निमित्त सांग, खरं कारण कुणाला सांगू नकोस. इचलकरंजीची पोरं चपळ आहेत आणि आंबील प्यालेला माणूस भरपूर धावतो. हरलो तर मोठं पातेलं, दोन पराती, पाटा-वरवंटा आणि मी, एवढं न्यायचं आहे. मला भीती वाटते रे. एवढंच सांगायला हे पत्र लिहायला बसले होते, आणि तेच राहून गेलं होतं.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार तेवढ्यात पोरं जेवायला आली. सामन्याचं कुणी काढलं नाही. रविवारी हरलो तर सोमवारी जेवायचं कुठे, एवढंच आण्णा वस्तादांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की इथेच, आणखी कुठे? आता बोलून बसले आहे. विचार केला तर ते खरंही आहे. संघ खालच्या वर्गात गेला म्हणून कुणाचं पोट खालच्या वर्गात जात नाही. तेव्हा वरचा ता. क. खोडला असं समज आणि गाडी रिकामी आणू नकोस. घरचा जोंधळा बसेल तेवढा भर, वर मिरच्यांचं पोतं टाक. आम्ही जिंकलो तर विठाबाई लेकीच्या दारात जाऊन बसेल. तिला मी इथेच ठेवून घेणार आहे, म्हणजे दोघींच्या हाताला पुरेल एवढं पीठ लागेल. गाडी जड होईल. तू चालत ये.