डाव्या डोळ्यातला डाग

१२ फेब्रुवारी, सकाळी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता ऐकतोय ना? जिना चढताना पिशव्या भाऊजींकडे देत जा. इकडे ठीक आहे. शाळेच्या गणवेशांचं काम हातात आहे, सुईत दोरा तेवढा शेजारच्या वहिनी ओवून देतात.

फोनवर हे सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "त्या कशाला?" आणि मी विषय बदलला. फोनवर तू लगेच रडतेस, म्हणून लिहिते.

आईच्या मांजरीने, खोडीने, मला ओरखडलं, एवढं तुला माहीत आहे. पुढे काखेत गाठ आली, ताप चढला आणि डाव्या डोळ्यासमोर करडा डाग दिसू लागला. साध्या तपासण्यांत काही निघेना, म्हणून डॉक्टरांनी गाठीतला पू सुईने काढून प्रयोगशाळेत पाठवला. तिथल्या बाईंनी मला समजावून सांगितलं. हा जंतू पिसवांमुळे मांजरात येतो, ओरखड्यातून माणसात. वाढवून बघायचा तर फार दिवस जातात, म्हणून त्या त्याचा डीएनए शोधतात. कणभर असला तरी मशीन त्याच्या प्रती काढत राहतं, दिसण्याइतक्या होईपर्यंत. माझ्यात तो सापडला.

"म्हणजे तो अजून जिवंत आहे?" मी विचारलं.

"ते या तपासणीत कळत नाही. मेलेला असला तरी सापडतो. तुम्ही गोळ्या मात्र पूर्ण घ्या."

ताई, त्या तापात आई येत होती, आपली गेलेली आई. खाटेच्या पायथ्याशी, डाग असायचा तिथेच बसायची. उजवा डोळा झाकला की जास्त स्पष्ट. बोलायची नाही. मला भीती वाटली नाही, उलट बरं वाटायचं. मग गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारिंगी झालं. डाग विरळ झाला आणि आई यायची थांबली.

म्हणून मी गोळ्या बंद केल्या. पाकीट गादीखाली सारलं आणि डॉक्टरांना घेते म्हणून सांगितलं.

ताप उलटला, आणि एका दुपारी ती आली. आईची शाल, आईचे हात, आणि वर चेहराच नाही, नुसतं करडं. तिने हात पुढे केला तशी मी किंचाळून भिंतीला चिकटले. आपल्या आईला घाबरून, ताई. खोडी उशाशी झोपली होती, तिने मानसुद्धा वर केली नाही.

वहिनी धावत आल्या. मी गादीकडे बोट दाखवलं. तापात आई दिसायची हे मी त्यांना आधी बोलले होते, पाकीट बघून त्या सगळं समजल्या. "अगं, तिला बघायला तू कुठवर जाणार होतीस?" एवढंच म्हणाल्या, आणि मी गोळी गिळेपर्यंत हलल्या नाहीत.

आता ताप नाही. डाग थोडा राहील म्हणतात. खोडीला पिसवांचं औषध दिलंय. तिला कुणाला देऊन टाकायचा विषय काढू नकोस.

पण आईचा चेहरा आठवायला गेलं की तो करडाच येतो. फोटो हातात घेतला तर कुणा दुसऱ्या बाईचा वाटतो. सगळे म्हणतात, तू हुबेहूब आईवर गेलीस. थोडे दिवस येऊन राहा. माझ्यासमोर बस, आणि बोलत राहा, म्हणजे समोर ती नाही, तूच आहेस हे मला कळेल.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझी धाकटी