दवबिंदूला नवमीचा घास

९ सप्टेंबर, मंगळवार
आलो बाबा एकदाचा कोलशेतला! पितृपंधरवड्यात कोणी बिऱ्हाड हलवतं का? पण ठाकुर्लीची इमारत पाडायची तारीख काही पंचांग बघून ठरली नव्हती. लेकाचं, सुदेशचं घर एकोणिसाव्या मजल्यावर. खाडीचा वारा असा, की चहा बशीत ओतेस्तोवर गार. नात सान्वी चार वर्षांची, दिवसभर आबा-आबा. आमची मंदाकिनी असती तर या पोरीमागे धावता धावता स्वतःचे गुडघे विसरली असती.

सूनबाईने, संचिताने, गॅलरीत किडे खाणारी झाडं लावलीत. दवबिंदू म्हणतात. पानांवर लाल केस, केसाकेसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट बसलं की पान मुठीसारखं मिटतं. चार दिवसांनी उघडतं तेव्हा आत नुसतं टरफल. वागळे इस्टेटला चाळीस वर्षं फिटर होतो, पण अशी पकड लोखंड आवळून धरणाऱ्या कुठल्या व्हाइसची पाहिली नाही. नळाचं पाणी घालायचं नाही, साठवलेलं पावसाचंच. आणि आपलं अन्न तर मुळीच नाही, पान कुजतं, असं तिने बजावलं. बरं बाई.

१५ सप्टेंबर, सोमवार
अविधवा नवमी. मंदाकिनी माझ्याआधी, सवाष्ण गेली. आजचा मान तिचा. सुदेशला आठवण केली तर म्हणाला, आज मीटिंग आहे, पुढच्या वर्षी बघू. जशी काही आई दरवर्षी नव्याने मरते.

मीच वरणभात केला, अळू केलं. पण गॅलरीला कबुतरांसाठी जाळी, कावळा शिवणार कुठून? सान्वीला शेजारी उभं करून वाढलेलं पान कुंड्यांना टेकवून ठेवलं, हात जोडले. म्हटलं, "मंदे, कावळा नाही गं. असंच घे."

तासाभराने पान पुसल्यासारखं स्वच्छ. दवबिंदूच्या मुठी मिटलेल्या, आत शितं. पोचलं तिला, असंच म्हणालो. संचिताला बोललो नाही.

१८ सप्टेंबर
मुठी उघडल्या. आत काही नाही. कुजणं दूरच, झाडं टवटवीत.

एक मात्र झालंय. तिचा आवाज आठवत नाही. ज्या हाकेवर उभा जन्म पाटावर येऊन बसलो, ती हाक — म्हातारपण, दुसरं काय.

१९ सप्टेंबर
आमच्या जोडीच्या फोटोत मी आहे. शेजारी नुसतं लुगडं उभं आहे. आत कोणी नाही.

सुदेशला दाखवलं. म्हणाला, तुमचा एकट्याचाच तर फोटो आहे. अरे, तुझी आई — म्हटलं. तो हसला नाही, चिडलाही नाही.

"कोण आई, आबा?"

संचिताने डॉक्टरची वेळ घेतली. माझ्यासाठी.

२० सप्टेंबर
मागची पानं वाचली. अक्षर माझंच. मंदाकिनी, मंदे — वाचतो, पण नाव कोणाला जाऊन लागत नाही. किल्ली हातात, कुलूपच नाही.

नाव घेऊन भरवलं. मीच भरवलं.

उद्या झाडं उपटून टाकणार.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
दुपारी गॅलरीत गेलो. सान्वी तिथे, वरणभाताची वाटी घेऊन. तिला भरवतात तसं झाडाला भरवत होती. हा घास चिऊचा, हा घास काऊचा —

ओरडलो. तोवर मूठ मिटत आली होती.

"हा घास आबांचा."

चिमट्याने मूठ उकलायला गेलो. उकलेना. झाड उपटून ठेचलं — मूठ तशीच —

२३ सप्टेंबर
टेबलावर तीन ताटं. संचिताला म्हटलं, माझं? दचकली. चौथं आणलं, पण वाढायचं विसरली.

२४
सुदेश माझ्या खाटेवर इस्त्रीचे कपडे ठेवून गेला. मी खाटेवरच होतो —

गुरुवारच असावा
सान्वी दारात आली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही कोणाचे आबा?"

जवळ घेतलं तिला. म्हटलं, बाळा, मी तुझा —