अक्कलकोट लाइनीचे खोटे आकडे

अण्णा,

तुला जाऊन महिना झाला. आज लिहायला बसलो, कारण अक्कलकोटच्या तारेच्या लाइनीवर, खांबांवर तार धरणारे चिनी मातीचे नवे कप आज चढवून झाले. तेच, जे तू सहा महिने मागत होतास. तू गेल्यावर बरे सापडले त्यांना!

दुपारी चाचणी घेतली. अक्कलकोटच्या बाबूला तारेचं टोक मोकळं सोडायला सांगून इकडून वीज सोडली. सुई जागची हलली नाही. म्हणजे तारेतून वीज कुठंच गळत नाही. साहेब म्हणाले, "शाब्बास!" मला शाब्बास, अण्णा!

तू खांबावर चढणारा लाइनमन, मला शिकवून तारऑफिसात बसवलंस. संध्याकाळी मी सुईचा आकडा सांगायचो आणि तू भाकरी मोडता मोडता म्हणायचास, "वळसंगच्या अलीकडं गळती हाय बघ. तितले कप लई तडकलेत. पाऊस लागला की लाइन बसतीया."

तू साहेबांना चिठ्ठ्या दिल्यास. मी रोज रजिस्टरात आकडा लिहिला; आठवड्यागणिक तो वाढत गेला. साहेबांनी दोन्ही पाहिलं आणि सही करून बाजूला सारलं.

मग श्रावणात लाइन दिवसभर मुकी झाली. कलेक्टरसाहेबांच्या तारा अडकल्या, चौकशी लागली. आदल्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. "रजिस्टर खराब झालंय, नवीन लिहून काढ. आकडे नीट येऊ देत. तुझी नोकरी अजून कच्ची आहे, ठाऊक आहे ना?"

रजिस्टर खराब झालेलं नव्हतं. मी दुपारभर बसून तीन महिन्यांचे आकडे लिहिले. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

चौकशीत तू किती निर्धास्त उभा होतास! "नोंद बघा की साहेब. माझा भाऊच रोज लिवतो. तो खोटं न्हाय लिवायचा."

पुण्याहून आलेल्या साहेबांनी पानं उलटली. "इथे तर लाइन उत्तम दिसते. मग बिघाड तुझ्या हलगर्जीपणानेच झाला ना?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी टेबलाकडे पाहत होतो. तुला सगळं कळलं. आणि तू म्हणालास, "मग चूक माजीच असंल."

का म्हणालास असं? तिथंच माझी गचांडी का नाही धरलीस? मला वाचवलंस, आणि आयुष्यभर मान वर करायची सोय ठेवली नाहीस!

तुला बडतर्फ केलं. तू गिरणीत बॉयलरपाशी कोळसा ओढायला लागलास. पावसात खांबावर कधी न शिंकलेला तू, थंडी संपेपर्यंत छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलास. मी रोज यायचो. तू विचारायचास, "जेवलास का रे?" दुसरं काही नाही. एकदा तरी शिवी द्यायचीस, अण्णा. मी वाट बघत होतो.

वहिनी तेव्हाही मला ताट वाढायची. तिला अजून वाटतं, चूक तुझीच होती. शेजारणी बोलल्या की ती खाली मान घालते. त्याच ताटात मी जेवलो.

खरं रजिस्टर साहेबांनी जाळायला दिलं होतं. मी ते ट्रंकेत दडवलं. जाळायचा निर्लज्जपणा नव्हता आणि दाखवायची हिंमतही नव्हती. तू जिवंत असताना दाखवलं असतं, तर काही उपयोग होता.

उद्या आधी वहिनीपुढे जाऊन सगळं सांगेन. ती दार लावून घेईल. मी उंबऱ्याबाहेरून सांगेन. मग दोन्ही रजिस्टरं पुण्याला पाठवीन, आणि सोबत माझ्या सहीचा कागद: दोन्हींत अक्षर माझंच आहे, खोटं मी लिहिलं, माझा भाऊ खरं बोलत होता.

तू ज्याच्यावर भरवसा ठेवलास तो,
शिवा